पेंढा टोचतो

डिसेंबर लागला की खारघरमध्ये नाताळचं सगळं मिळतं. प्लास्टिकची झाडं मिळतात, कापसाचा बर्फ मिळतो, लाल टोप्या तर सिग्नललाच मिळतात. मिळत नाही तो फक्त पेंढा.

आणि पेंढ्याशिवाय गोठा कसला?

आम्ही मूळचे वसईचे. तिकडे शाळा सुटली की पोरं गोठे बांधायला पळतात. खारघरला येऊन बरीच वर्षं झाली, पण गव्हाणीतलं बाळ थर्माकोलवर निजवायला मन घेत नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात पिशवी घेऊन ओवे गावात गेलो. टॉवरांच्या सावलीत एक गोठा अजून शिल्लक आहे. दोन म्हशी, एक गाय. दारात आगरी आजी बसलेली.

ओंजळभर पेंढा हवाय, म्हटलं.

"तुमचे घरान गाय हाय?"

नाही आजी. आमचा देव गोठ्यात जन्मला. त्याच्या मूर्तीला निजवायचंय.

आजीने भाताच्या पेंढ्याची एक काडी उचलली. दोन बोटांत धरून मोडली. टोकावरून अंगठा फिरवला.

"टोचल ना पोराला."

उठून आत गेली आणि जुन्या गोधडीचा वीतभर तुकडा फाडून घेऊन आली. पेंढ्यावर हा घाल, मग निजव.

चाळीस वर्षं नाताळची प्रवचनं ऐकतोय. तारा ऐकला, देवदूत ऐकले, तिन्ही ज्ञानी पुरुषांच्या भेटींचे अर्थ ऐकले. पेंढा टोचतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि नाताळची बातमी तर तीच आहे. देवाला टोचलं.

मराठी चर्चमध्ये याला देहधारण म्हणतात. शब्द जड वाटतो म्हणून आम्ही शेजाऱ्यांना समजावताना पटकन 'अवतार' म्हणून मोकळे होतो. शेजारी मान डोलावतात. पण दोन्ही एक नाहीत. अवतार युगायुगांत येतो, कार्य झालं की परततो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, देव एकदाच माणूस झाला आणि घेतलेला देह त्याने परत टाकला नाही. पुनरुत्थानानंतर थोमाला हात दाखवले, तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या.

स्वर्गात गेला तोही वणांसकट.

हे पचायला जड आहे, मान्य. पहिल्या शतकांतल्या काही भाविकांनाही ते पचलं नाही. देव आणि लघवी? देव आणि ताप? छे. ते म्हणायचे, देह नुसता भासत होता, आत निव्वळ देव होता. भावना किती आदराची! चर्चने ती झिडकारली. ३२५ साली निकियाच्या परिषदेने ठणकावलं की येशू पुरता देव आहे. ४५१ साली खाल्कीदोनच्या परिषदेने तितक्याच ठामपणे सांगितलं की तो पुरता माणूसही आहे. अर्धा-अर्धा नाही. वरून एक आणि आतून दुसरा, असंही नाही.

भासाचा सिद्धांत तेव्हा हरला. आमच्या मनातून मात्र तो अजून गेलेला नाही.

पुरावा हवा? आगमनकाळातली कुठलीही प्रार्थना ऐका. 'प्रभू, माझ्या हृदयात जन्म घे.' मीही म्हणतो. सगळेच म्हणतात. म्हणायला सोपी आहे, कारण हृदयात जन्मलेल्या बाळाचे लंगोट बदलावे लागत नाहीत. ते रात्री अडीचला रडत नाही. त्याला भाड्याची खोली लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातलं बाळ हृदयात जन्मलं नव्हतं. त्याला कपड्यात गुंडाळावं लागलं. आठव्या दिवशी सुंता झाली. म्हणजे देवाच्या अंगाला पातं लागलं, रक्त आलं, तो रडला. क्रूसाच्या तेहतीस वर्षं आधी.

चाळीस दिवसांनी आईबाप देवळात गेले. मोशेच्या नियमाप्रमाणे बाळंतिणीने कोकरू अर्पण करायचं असतं. कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा कबुतराची दोन पिल्लं. मरिया आणि योसेफाच्या बाबतीत लूक कोकराचं नाव काढत नाही. तो पाखरांचंच सांगतो.

घरची परिस्थिती कळायला आणखी काय हवं?

खारघरमध्ये आम्ही बाल्कन्यांना जाळ्या ठोकून ज्यांना हाकलतो, तीच ही पाखरं. देवाच्या घरची ऐपत तेवढी होती.

योसेफ सुतार, हे सगळ्यांना पाठ आहे. मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन'. त्यात सुतारही येतो आणि बांधकामावरचा कारागीरही. येशूलाही गावकरी तेच म्हणत. आता सकाळी आठला खारघरच्या कुठल्याही मजूर नाक्यावर जा. थापी, ओळंबा, करवत घेऊन बसलेली माणसं दिसतील. त्यांनी बांधलेल्या इमारतीत काम संपल्यावर त्यांना पुढच्या दाराने येऊ देत नाहीत. लिफ्टही वेगळी.

कुठल्या लिफ्टने चढला असता तो?

आता एक गोष्ट सांगतो. सोसायटीचं नाव सांगत नाही. खारघरला ती कुठलीही असू शकते.

सेक्टर बावीसमध्ये टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे. कर्करोगावरचे उपचार आणि संशोधन करणारी ही मोठी संस्था. देशभरातून माणसं येतात. उपचार महिनोन् महिने चालतात, तेव्हा कुटुंबं राहणार कुठे? आमच्या इमारतीतल्या एका घरमालकाने विदर्भातल्या एका कुटुंबाला सहा महिन्यांसाठी फ्लॅट द्यायचं ठरवलं. सात वर्षांची मुलगी, रक्ताचा कर्करोग, केमो चालू.

विषय मीटिंगला आला. डिसेंबरचा दुसरा रविवार.

रोज अॅम्ब्युलन्स येईल, एक म्हणाला. आपल्याकडे लहान मुलं आहेत, इन्फेक्शनचं काय, दुसरी म्हणाली. फ्लॅटच्या किमती पडतील, तिसऱ्याने मुद्द्यालाच हात घातला. कर्करोग शिवल्याने पसरत नाही, एवढं तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात, संसर्गाचा धोका त्या मुलीलाच असतो. धोका तिला आमच्यापासून होता.

पाऊण तास चर्चा झाली. परवानगी नाकारली.

पुढचा विषय, लॉबीतल्या ख्रिसमस ट्रीची रोषणाई. दोन मिनिटांत मंजूर.

मीटिंगमध्ये तीन ख्रिस्ती घरं होती. त्यातलं एक माझं. तोंड कुणी उघडलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचे वडील कागदपत्रं परत घ्यायला आले. मुलगी झाडापाशी उभी. तोंडावर मास्क, डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीखाली केस नाहीत. कापसाच्या बर्फाला तिने बोट लावलं, आणि वडिलांनी चटकन तिचा हात मागे घेतला. खिशातून सॅनिटायझर काढून बोटं पुसली. एकेक बोट. सावकाश.

मी लिफ्टमध्ये शिरलो.

बेथलेहेममध्ये जागा नव्हती, हे नाटकात दाखवताना आम्ही एक दुष्ट सराईवाला उभा करतो. पोरं त्याला हसतात. लूक उघडून पाहा. सराईवाला तिथे नाहीच. 'जागा नव्हती' एवढं एक वाक्य आहे. जागा कुणी नाकारली त्याचा पत्ता नाही. नाटकाला खलनायक लागतो. आम्हाला एक ठराव आणि एक अनुमोदक पुरला.

त्या कुटुंबाला खोली मिळाली, पण ती गावठाणात. १९७०मध्ये सिडको आली आणि पुढे ज्यांची भातशेतं गेली, ज्यांच्या शेतांवर आमचे टॉवर उभे आहेत, त्यांच्यातल्याच एकाने दिली.

सरकारी हुकमाने घर सोडावं लागणं काय असतं, ते या पट्ट्याला शिकवायला नको. सम्राट ऑगस्टसने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून दिवस भरलेली बाई नासरेथहून बेथलेहेमला निघाली. इथे विमानतळासाठी दहा गावं हलली. उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, वाघिवली... आणि २०२५च्या २५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, त्या जमिनीवरून पहिली प्रवासी विमानं उडाली. त्या गावांतल्याही कुणाचे तरी दिवस तेव्हा भरलेले असतील.

देहाला ऊन लागतं, हेही खारघरने पाहिलंय. १६ एप्रिल २०२३. महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा. भर दुपारी, उघड्या मैदानात लाखो भाविक बसून. व्यासपीठावर छत होतं. मैदानावर नव्हतं. उष्माघाताने १४ माणसं गेली.

ती श्रद्धेने आली होती. दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोलायचा मला अधिकार नाही. पण प्रश्न सगळ्याच धर्मांना आहे. भक्ताला डोकं असतं, त्या डोक्याला ऊन लागतं, घशाला कोरड पडते, हे मांडव घालणाऱ्याला सुचू नये? मोठमोठ्या प्रार्थनासभा आमच्याही होतात. तिथे तरी सावली आधी कुणावर धरतात?

आणि आता तळोजा. खारघरच्या कुशीतच आहे. पलीकडे तुरुंगाची भिंत.

फादर स्टॅन स्वामी, जेझुइट, वय ८३. ऑक्टोबर २०२०मध्ये रांचीहून पकडून आणले आणि तळोज्यात ठेवले. एल्गार परिषदेचा खटला, कायदा यूएपीए. आरोप त्यांनी नाकारले होते. पार्किन्सन्समुळे हात इतका कापायचा की पेला तोंडाशी नेता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा, म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यावर तारखा पडल्या.

पाणी पिण्यासाठी.

त्या वर्षीचा नाताळ त्यांनी तिथेच काढला. आम्ही दोन-चार मैलांवर करंज्या तळत होतो. ५ जुलै २०२१ला वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले. गेले तेव्हाही कच्चे कैदी. आरोप खरे की खोटे, हे ठरायच्या आतच.

राजकारण बाजूला ठेवा, असं मला लगेच सांगण्यात येईल. ठेवलं. मागे काय उरतं? एक थरथरता हात आणि एक पेला. देहधारण खरं असेल, तर पहिल्यांदा तेच पाहावं लागतं. अंतिम न्यायाच्या दृष्टान्तात येशूने दिलेली यादी आठवा. भुकेला, तान्हेला, उघडा, आजारी, तुरुंगातला. मी तो होतो, असं तो म्हणतो. त्या यादीत एकही गोष्ट धर्मशास्त्राची नाही. सगळ्या अंगाच्या.

तान्हेला आणि तुरुंगातला. तळोज्यात दोन्ही एकाच अंगात होते.

या श्रद्धेला मराठी देह ज्यांनी दिला, त्यांची तरी आठवण आम्ही ठेवलीय का? थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा. १५७९ साली गोव्यात उतरला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं पोर्तुगीज अमलात बंद झाली होती. आम्हाला ऐकायला काही तरी द्या, असं ते म्हणू लागले. स्टीफन्सने 'ख्रिस्तपुराण' रचलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ साली रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत. लिपी परकी, आवाज इथला. ज्या लोकांची पुराणं गेली ती जायला नको होती, हे म्हणायला मला जड जात नाही. पण परक्या माणसाने इथल्या ओवीत शिरण्यासाठी आयुष्य वेचलं, तेही खरं.

आणि आम्ही मराठी ख्रिस्ती? खारघरमध्ये आमच्या पोरांना नाताळचं एक गाणं मराठीत येत नाही. बर्फाची मात्र सगळी तोंडपाठ. बर्फ पाहिलाय कुणी?

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी सोवळं सांभाळलं, आणि मग एकदा सोडलं ते कायमचं. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हा हिशेबच संपवला. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्यांचं धर्मांतर पुस्तकात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त झालं.

देव माणसाच्या अंगात आला, हे त्या बाईला कळलं होतं. मग कुठलं अंग विटाळतं?

आमच्या चर्चमध्ये हा प्रश्न आजही विचारा. शांतता पसरते. १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश म्हणतो, ख्रिस्ती झाला की अनुसूचित जात उरत नाही. त्यामुळे नगरच्या, जालन्याच्या दलित ख्रिस्ती पोराला सवलत नाही. म्हणजे जात गेली! आता आमच्याच लोकांच्या लग्नाच्या जाहिराती वाचा. मूळ जात विचारलेली सापडेल. सवलत द्यायची वेळ आली की जात नाही, आणि मुलगी द्यायची वेळ आली की आहे. सरकारशी न्यायालयात भांडायला आम्ही पुढे. ते भांडण न्यायाचंच आहे. पण जाहिरात कुणी लिहिली?

नासरेथहून काही चांगलं निघेल का, असं येशूच्या एका भावी शिष्यानेच विचारलं होतं. गाव ऐकून माणसाची किंमत करायची खोड तेव्हाही होती.

असो. पेंढ्याकडे येतो.

२४च्या रात्री मिस्सेहून परतल्यावर बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली. खाली पेंढा, पेंढ्यावर गोधडीचा तुकडा. शेजाऱ्यांनी विचारलं, हे काय नवीन? मी सांगितलं.

आमचा गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत असतो. नववर्षाच्या आदल्या दिवशी आजीला घेऊन आलो. लिफ्टमध्ये तिने कठडा घट्ट धरला होता. घरात आली, चपला बाहेर काढल्या, गोठ्यासमोर मांडी घातली. बराच वेळ पाहत राहिली. आधी बाळाखालची गोधडी चाचपली. मग विचारलं, "सुईन कोन व्हती?"

मी गप्प.

लूक सांगत नाही. मत्तय सांगत नाही. मेंढपाळ आले, ज्ञानी पुरुष आले, देवदूतांचा समुदाय आला. नाळ कुणी कापली, याचा उल्लेख नाही. पाणी कुणी तापवलं, नाही.

लिहिलेलं नाही, म्हटलं.

"लिवलं नसंल. बाय मानूस असल्याबिगर व्हतं का?" आजीच्या लेखी विषय संपला. कुणी तरी होती. गावातलीच असणार. रात्री उठवून आणली असणार.

मग तिचं लक्ष मरियेकडे गेलं. निळा पदर, जोडलेले हात, गुडघ्यांवर बसलेली. सगळ्या दुकानांत अशीच मिळते. पूर्वेकडच्या जुन्या चित्रांत मरिया आडवी असायची, बाळंतिणीसारखी. चौदाव्या शतकानंतर पश्चिमेकडच्या चित्रकारांनी तिला गुडघ्यांवर बसवली आणि ती तशीच राहिली. आजीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"कालची बालतीन ना ही? अशी बसवून ठेवलीव?"

तिने मूर्ती उचलली आणि बाळाच्या कुशीला आडवी ठेवली. गुडघे दुमडलेली मूर्ती ती. आडवी केली तर पाय अधांतरी राहिले. आजीने गव्हाणीतला थोडा पेंढा काढला, मुठीत दाबून त्याची उशी केली आणि पायांखाली सारली.